भिंतीला जडवलेलं

१२ फेब्रुवारी

ही डायरी प्लायवूडवाल्याने दिली. दर पानाखाली 'मजबुती, पिढ्यान् पिढ्या' असं छापलंय आणि शेजारी त्याचा फोन नंबर. आजवर असल्या डायऱ्यांत मी फक्त मापं लिहिली. पण आज घराच्या कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या, म्हटलं दोन ओळी खरडाव्यात. पोरगी मोठी झाली की वाचेल, सुतारकाम करणाऱ्या बापाने घर कसं केलं ते.

कर्ज काढून देणारा माणूस फार मिठ्ठास बोलतो. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. त्याने विचारलं, "महिन्याला किती सुटतात, मिस्त्री?" मी म्हटलं, आमच्या धंद्याचं काही खरं नसतं, एखादा महिना हात भरून, एखादा हात हलवत. तो म्हणाला, "गेल्या वर्षातला सगळ्यांत चांगला महिना सांगा." मी सांगितला. त्याने तोच बाराही महिन्यांना लावून टाकला. "यात खोटं काय? तुम्हीच कमावलेत ना?" आता यावर माणूस काय बोलणार? शिवाय बारा महिने तसे जाताहेत असं कागदावर बघून मलाही बरं वाटलं.

मग तो हप्त्याचं कलम वाचायला लागला. पहिलं वर्ष हप्ता हलका, पुढे व्याज वाढेल तसा. इथे माझं लक्ष उडालं. त्याच्या टेबलाचा सनमायका कोपऱ्याला उचकटला होता आणि वाचता वाचता तो नेमका तिथेच नखाने टकटक करत होता. मला असलं बघवत नाही. शेवटी मी त्याला मधेच थांबवून सांगितलं, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा, सुकू द्या, मग वर वजन ठेवा. त्याने ते चक्क लिहून घेतलं. मग तो दाखवेल तिथे सह्या केल्या.

बायकोने एकच प्रश्न विचारला. "वर्ष झाल्यावर काय?"

"वहिनी, तोवर घराची किंमत वाढलेली असणार. हे कर्ज मिटवायचं, नवं काढायचं. परत हप्ता हलका."

"आणि नाही वाढली तर?"

गोडबोल्या हसला. मीही हसलो. घरं कधी स्वस्त होतात होय?

आबा, म्हणजे माझे सासरे, बाजूला पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. घड्याळं दुरुस्त करायचा त्यांचा गाळा आणि वरची खोली विकून आलेले पैसे त्यांनी या घरात घातलेत. आता ते आमच्याजवळच राहणार. निघताना म्हणाले, "जावईबापू, आता सगळं तुमच्या हातात." मी म्हटलं, माझे हात बघितलेत ना, मग झालं तर.

ही घरी येईपर्यंत गप्प होती. दमली असेल.

२ मार्च

किल्ली मिळाली. रांगेतलं शेवटचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर मोकळी जागा. गुण्या लावून बघितलं तर एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ. बांधणाऱ्याने डोळे मिटून बांधलंय. हरकत नाही, भिंतींचा वाकडेपणा झाकायला मी आहे.

सामान आलं. हिने लोखंडी ट्रंक दाराजवळच ठेवली आणि उघडली नाही. म्हटलं, अगं संसार बाहेर काढ की. तर म्हणे, "काढीन सावकाश. घाई काय आहे?" नव्या घरात आलेली बाई की रेल्वेची वाट बघणारी, काही कळेना.

१८ मार्च

ठरवलंय की या घरात पायांवर उभं असलेलं काही ठेवायचं नाही. पलंग भिंतीतून निघेल, कपाट भिंतीत जाईल, पोरीचं अभ्यासाचं टेबल खिडकीखाली भिंतीलाच. आयुष्यभर लोकांकडे मी घडीच्या खुर्च्या आणि चार पायांचे डगमगते पलंग दुरुस्त केले. ज्याचं घर भाड्याचं, त्याचं सामान सुटं. आपलं आता तसं नाही.

ओटा हिच्या उंचीचा केला. ही बुटकी. आजवर प्रत्येक भाड्याच्या घरात पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या तिने. आता हात नेमका कोपरातून वाकतो. मी म्हटलं, बघ कशी राणी दिसतेस. ती हसली, ओट्यावरून हात फिरवला, आणि विचारते काय, "हे निघतं का, काढायचं झालं तर?"

मी उखडलोच. म्हटलं, निघायला केलंय का? खाली स्क्रू, वर सोल्युशन, मागे भिंतीत ठोकलेल्या लाकडी गिट्ट्या. भूकंप आला तर घर जाईल, ओटा राहील.

५ एप्रिल

आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं काम आज झालं. आबांचे गुडघे गेलेत. काठी धरायला तयार नाहीत, म्हणतात काठी म्हाताऱ्यांची. म्हणून त्यांच्या पलंगापासून मोरीपर्यंत आणि तिथून पुढच्या दारापर्यंत भिंतीला सागवानाचा एकसंध दांडा बसवला. दुकानातला गोल पाइप नाही. आबांना भिंतीला टेकवून उभं केलं, हात सैल सोडायला सांगितला, तळवा येतो ती उंची घेतली. मग त्यांची मूठ ओल्या मातीत उमटवून घेतली आणि त्या ठशाच्या मापाने दांडा रंध्याने, पॉलिशपेपरने घासत आणला. घड्याळजीची बोटं, बारीक आणि लांब. माझ्या हातात तो दांडा नीट बसतही नाही.

आबा धरून चालले. मोरीपर्यंत गेले, परत आले, परत गेले. सहा वर्षांच्या पोरासारखे. पोरगी मागून टाळ्या वाजवत होती. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी एकदाचं हिला पटलं म्हणायचं.

९ मे

गोडबोल्याचा फोन. म्हणे आपल्या रांगेतल्या घरांच्या किमती वाढल्या, त्याच घरावर आणखी थोडं कर्ज मिळेल, हप्ता जाणवणारही नाही. किंमत ठरवायला एक पोरगा आला. उंबऱ्यातूनच आत डोकावला, फोनवर दोन फोटो काढले, पाणीसुद्धा न पिता गेला. माझा दांडा बघितलाही नाही त्याने, तरी किंमत वाढवून लिहिली.

माझा हिशेब सरळ आहे. लाकूड आणायचं, घर असं सजवायचं की गिऱ्हाइकाला आधी आपलं घर दाखवायचं आणि मग काम घ्यायचं. घर हाच नमुना. असं डोकं आमच्या धंद्यात कुणी चालवलेलं नाही.

हिची सही लागत होती. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, तर नाही म्हण, मी काय जबरदस्ती करतोय? पण लाकूडवाल्याला शब्द दिलाय, गोडबोल्या ताटकळलाय, आबांना आणि पोरीला काय सांगायचं ते तूच सांग. तिने पेन घेतलं. सही करायच्या आधी बाईने प्रत्येक पान वाचलं. सवय नसते ना.

२६ ऑगस्ट

सगळं लागलं. छताच्या कडेची शोभेची पट्टीसुद्धा. हप्ता जातोय वेळेवर.

१९ सप्टेंबर

ज्या बांधकामवाल्याची दारं मी करतो त्याने काम थांबवलं. घरं विकली जात नाहीत म्हणे. चौकटी करून ठेवल्यात, त्या माझ्याकडेच पडून. महिनाभराची गोष्ट आहे, होईल सुरू.

३० ऑक्टोबर

काही काम नाही. एक ड्रॉवर दुरुस्त केला.

८ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं. दुपारी घरी आलो तर ही आबांना काठी देऊन खोलीच्या मधोमध चालवतेय. दांड्यापासून लांब. आबा घामाघूम, आणि ही म्हणतेय, "अजून एकदा. भिंतीकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

मी म्हटलं, हा काय जुलूम लावलायस? त्यांच्यासाठी जीव ओतून केलेला दांडा भिंतीवर असताना काठी कशाला? मला खिजवायला?

ती म्हणाली, "व्यायाम आहे तो." आबा म्हणाले, "असू द्या हो जावईबापू, मीच म्हटलं होतं." ते खोटं बोलत होते, मला कळतं.

अलीकडे तिचं सगळंच विचित्र आहे. पोरीने तिच्या कपाटाच्या दारावर चांदण्या चिकटवल्या तर तिला रागावली. बाजारातून घडीच्या दोन खुर्च्या घेऊन आली, त्याही कुणाच्या तरी वापरलेल्या. म्हटलं, सुताराच्या घरात विकतच्या खुर्च्या? लोक तोंडात शेण घालतील. तिने खुर्च्या ट्रंकेमागे लावून ठेवल्या. हिचा या घरात जीवच नाही.

१४ जानेवारी

नवी डायरी या वर्षी आली नाही. प्लायवूडवाल्याकडे माझी उधारी थकलीय, तो डायरी देईल की जोडा? तेव्हा जुन्याच डायरीच्या कोऱ्या पानांवर, छापील तारखा खोडून लिहितोय.

पुढच्या महिन्यापासूनच्या हप्त्याचं पत्र आलं. मला वाटलं आकडा चुकून दुसऱ्या कुणाचा छापलाय. हिला दाखवलं. ती नुसती बघून म्हणाली, "हो, एवढाच येणार होता." जणू भाजीचा भाव सांगतेय. म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "त्यांनी वाचून दाखवलं होतं की."

१७ जानेवारी

गोडबोल्याच्या ऑफिसात गेलो. गोडबोल्या नाही. नोकरी सोडून गेला म्हणे, फोन बंद. त्याच्या खुर्चीत एक बाई, डोळ्यांखाली काळं, पुढ्यात फायलींचा ढीग. टेबल तेच. सनमायका आता वीतभर उचकटला होता आणि वरून चिकटपट्ट्या मारलेल्या.

मी म्हटलं, आम्हाला सांगितलं होतं की वर्षाने नवं कर्ज मिळेल. बाई म्हणाली, "किमती उतरल्यात, काका. तुमच्या घराची किंमत आता कर्जापेक्षा कमी भरते. त्यावर नवं कोण देणार?"

"पण त्याने शब्द दिला होता."

"कागदावर नाहीये. कागदावर हे आहे." तिने पान फिरवून माझ्यापुढे ठेवलं. खाली माझी सही, झोकदार. "इथे उत्पन्नही तुम्हीच लिहून दिलंय. एवढं उत्पन्न असेल तर हप्ता जड जायला नको."

मी म्हटलं, तो एका महिन्याचा आकडा होता. ती म्हणाली, "मग बाकीचे महिने का नाही सांगितले?" आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मलाही भांडता आलं असतं.

मग मी काय बोललो ते आठवून आत्ता कानशिलं तापतायत. मी म्हटलं, बाई, तुमचं हे टेबल मी फुकट नीट करून देतो. ती टेबलाकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. म्हणाली, "नको हो, काका. पुढच्यांना बसू द्या."

बाहेर बाकावर माणसं बसली होती. सगळ्यांच्या हातात तेच पत्र.

६ फेब्रुवारी

स्वतःच विकून मोकळं व्हायचं ठरवलं. दलाल आज एक जोडपं घेऊन आला. दोघं उंच, नुसते बांबू. बायको ओट्यापाशी गेली आणि कमरेत वाकून नवऱ्याला म्हणाली, "हे कुणासाठी केलंय?" नवरा म्हणाला, आमचा पलंग आहे, आमचं कपाट आहे, ते कुठे ठेवायचं? मी सांगत राहिलो, सागवान आहे, हात लावून बघा. त्यांनी लावला, वा वा म्हणाले.

त्यांना वाटेला लावून दलाल परत आला. "मिस्त्री, काम एक नंबर आहे. पण हे सगळं तोडून काढावं लागेल, तो खर्च लोक किमतीतून कापणार. मोकळ्या भिंती ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी त्याला घराबाहेर काढलं. मग पोरीच्या टेबलाशी जाऊन बसलो. माझे गुडघे आत मावत नाहीत.

२ मार्च

गेल्या वर्षी आजच किल्ली मिळाली होती. गेल्या महिन्याचा हप्ता गेला नाही, याही महिन्याचा जाणार नाही. दारं-चौकटींना गिऱ्हाईक नाही. थोरल्या भावाकडे गेलो. त्याने चहा पाजला, गुडघेदुखीवर औषध सांगितलं, मी विषय काढायच्या आत म्हणाला, "आमचंही यंदा कठीणच आहे रे." त्याचाही काय दोष? त्याने कुठे सही केली होती?

रात्रभर विचार करायचा तर काय विचार करू? एकही दार उघडं दिसत नाही. कामाला मी कमी नाही, उठून आत्ता काम करतो, पण काम कुणाकडे आहे?

२८ मे

घराला नोटीस चिकटवून गेले. दारावर, माझ्याच पॉलिशवर. पोरगी खेळून आली आणि वाचून म्हणाली, "बाबा, हे आपल्याबद्दल आहे?" मी हो म्हटलं. ती चपला काढून आबांजवळ जाऊन बसली. तिच्या आईने तिला मागेच काहीतरी सांगून ठेवलेलं असावं, रडली नाही.

११ जुलै

आज ताब्यापूर्वीची पाहणी. ऑफिसचा माणूस फळीला कागद लावून खोलीखोलीतून फिरला. नियम सोपा आहे, म्हणाला. सुटं असेल ते तुमचं, भिंतीला जडवलेलं घराचं. पलंग, घराचा. कपाट, घराचं. ओटा, टेबल, छताची पट्टी. तो फिरत होता आणि मी मागे. आमचं म्हणून शेवटी उरलं काय, तर भांडी, कपडे, ट्रंक आणि त्या दोन घडीच्या खुर्च्या.

दांड्यापाशी तो थांबला. मी म्हटलं, हा फर्निचर नाही, हे माझ्या सासऱ्यांचं चालणं आहे. तो बिचारा वयाने लहान. म्हणाला, "काढता येत असेल तर काढून घ्या काका, मी लिहीत नाही. फक्त भिंतीला धक्का लागता कामा नये. भिंत फुटली तर भरपाई तुमच्याकडून घेतील."

तो गेल्यावर हत्यारं काढली. स्क्रूची डोकी मीच लाकडाच्या गुडद्या ठोकून बुजवली होती, वरून पॉलिश, कुठे आहेत ते मलाच सापडेनात. दोन सापडले. कोरून काढले, पटाशी घालून उचकलं, तर दांडा हलला नाही, आतलं प्लास्टर करकरलं. मी केलेलं काम माझ्याच्याने निघेना. असं काम करणारा कारागीर मला दुसऱ्या कुणाकडे भेटला असता तर मी पाया पडलो असतो.

आबा पलंगावर बसून बघत होते. म्हणाले, "राहू द्या. पक्कं झालंय ते."

१९ जुलै

भाड्याची खोली. एकच, वरच्या मजल्यावर, मोरी बाहेर गॅलरीच्या टोकाला. ही खोली हिने आधीच बघून ठेवली होती. अनामतही भरून ठेवली होती, शिलाईच्या पैशांतून. शिलाई कधी करत होती, विचारलं तर म्हणाली, "तुम्ही छताची पट्टी लावत होता तेव्हा." ट्रंक तशीच्या तशी उचलून आणली, बांधाबांध करावीच लागली नाही.

मालकीणबाईंनी किल्ली देताना अट सांगितली. "भिंतीला एक खिळा ठोकायचा नाही. आधीच्या भाडेकरूंनी चाळण केली होती."

मी हो म्हटलं. हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली. म्हणजे पलंगाखाली नाही, पलंग कुठे आहे. कोपऱ्यात.

ही पाटावर उभी राहून पोळ्या करतेय.

३ नोव्हेंबर

आज दुपारी फोन. लिलावात आमचं घर घेतलेला माणूस. दलालाकडून नंबर मिळाला म्हणे. आवाज भला वाटला. "मिस्त्री, तुम्हाला विचारायला संकोच वाटतोय. बाकी सगळं आमच्या सुताराने काढलं, पण भिंतीवरचा तो लांब दांडा निघत नाही. आम्हाला तिथे सोफा टाकायचाय. भिंत न फुटता कसा काढायचा?"

मी काय करणार होतो? कामाचं विचारलं की मला खरंच सांगता येतं. म्हटलं, तो अख्खा निघणार नाही. स्क्रू शोधू नका. दोन स्क्रूंच्या मधे करवतीने कापा, लहान तुकडे करा, मग एकेक तुकडा फिरवून सोडवा. म्हणजे भिंत वाचेल. तो म्हणाला, "फार उपकार झाले. तुकडे ठेवू का तुमच्यासाठी?" मी म्हटलं, नको, इथे लावायला जागा नाही.

फोन ठेवला. खोली एक, सगळ्यांनी सगळं ऐकलेलं. हिने गॅस बारीक केला. मग माझ्याजवळ आली आणि नुसती उभी राहिली. मी म्हटलं, तू मला हाताला धरून थांबवायचं होतंस. ती म्हणाली, "थांबला असता का?" त्यात राग नव्हता, खरंच विचारत होती.

थोड्या वेळाने आबा मोरीकडे जायला उठले. काठी घेतली, हिने शिकवल्याप्रमाणे समोर बघत निघाले. काठी उजव्या हातात बरोबर पडत होती. पण डावा हात बाजूला गेला, भिंतीपाशी, त्याच उंचीवर, आणि बोटं मिटली. मूठ रिकामी. तशीच रिकामी मूठ भिंतीला घासत ते गॅलरीत गेले. रोज तसेच जात असणार. मी आज बघितलं.

मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला गेलो, भिंतीच्या आणि त्यांच्या मधे, आणि मनगट त्या उंचीवर धरलं. उंची मला पाठ आहे. आबांनी न बघता धरलं. बोटं बसली नाहीत, माझं मनगट त्यांच्या मुठीला जाड होतं. तसेच धरून आम्ही मोरीपर्यंत गेलो.